कायदा वाचायचा कुणी? लंडनमधली १७८० ची दंगल, सोप्या भाषेत

इंग्रजी वर्तमानपत्रांत ‘रीड द रायट अ‍ॅक्ट’ हा वाक्प्रचार नेहमी दिसतो. साहेबाने हाताखालच्यांना खडसावलं, प्रशिक्षकाने संघाला दम भरला, की हे शब्द येतात. शब्दशः अर्थ ‘दंगलीचा कायदा वाचून दाखवला’. एके काळी तो खरोखरच वाचून दाखवत. दंडाधिकारी जमावासमोर उभा राहायचा, गप्प बसायला सांगायचा आणि ठरलेला मजकूर मोठ्याने वाचायचा. जून १७८० च्या पहिल्या आठवड्यात लंडनमधले तुरुंग, चॅपेल (छोटी प्रार्थनाघरं) आणि न्यायाधीशांची घरं जळत होती, बंदूकधारी सैनिक रस्त्यात उभे होते, आणि तो मजकूर वाचायला दंडाधिकारी मिळत नव्हता.

या प्रकाराला ‘गॉर्डन दंगल’ म्हणतात. सुरुवात कॅथलिकांच्या विरोधातल्या एका अर्जाने झाली, शेवट बँक ऑफ इंग्लंडच्या दारात गोळीबाराने झाला. मधल्या सहा दिवसांत जे घडलं ते वाचताना प्रश्न पडतो, की एवढ्याशा कारणावरून एवढं मोठं शहर कसं पेटलं? याचं उत्तर दोन कायद्यांत आहे. एक १७७८ चा, कॅथलिकांना थोडी सूट देणारा. दुसरा १७१५ पासून लागू असलेला, दंगल आवरण्यासाठीचा. पहिल्या कायद्यात जे नव्हतंच ते लोकांनी त्यात पाहिलं. दुसऱ्यात जी बंदी नव्हतीच ती अधिकाऱ्यांनी त्यात पाहिली.

## कॅथलिक आणि प्रोटेस्टंट: भांडण कशाचं?

वसईतल्या गावांत रविवारी मिस्सा होते, तिथले फादर बिशपांच्या अधीन असतात आणि बिशप रोमच्या पोपच्या. हे कॅथलिक. नगरकडे अमेरिकन मिशनच्या परंपरेतली मराठी ख्रिस्ती मंडळी आहेत. ते पोपला मानत नाहीत. हे प्रोटेस्टंट. आपल्याकडे या दोघांत वैर नाही. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये मात्र हा फरक राष्ट्रनिष्ठेचा मानला जाई.

आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये पोपशी संबंध तोडला. पुढे त्याची कॅथलिक मुलगी मेरी गादीवर आली आणि तिच्या पाच वर्षांच्या राज्यात सुमारे २८० प्रोटेस्टंटांना जिवंत जाळलं गेलं. १६०५ मध्ये काही कॅथलिकांनी पार्लमेंटच्या तळघरात दारूगोळा भरून राजासकट सगळं उडवून द्यायचा कट केला. १६८८ मध्ये कॅथलिक राजा दुसरा जेम्स याला पळून जावं लागलं. १७४५ मध्ये त्याचा नातू स्कॉटलंडमधून फौज घेऊन इंग्लंडात शिरला. प्रत्येक पिढीला आजोबांकडून ऐकलेली अशी एक तरी गोष्ट होती. म्हणून सामान्य इंग्रजाला पोप म्हणजे परक्या धर्माचा पुढारी वाटण्यापेक्षा शत्रूच्या छावणीचा सेनापती वाटे. प्रत्यक्षात १७८० च्या इंग्लंडमध्ये कॅथलिक होते शंभरात एखादा. भय माणसांच्या संख्येवर नव्हतं, आठवणींवर पोसलेलं होतं.

## १७७८ च्या कायद्याने नेमकं काय दिलं?

आधी काय होतं ते पाहू. १६९९ च्या सुमारास इंग्लंडने केलेल्या एका कायद्यानुसार मिस्सा करणाऱ्या धर्मगुरूला जन्मठेप होती, शाळा चालवणाऱ्या कॅथलिकाला जन्मठेप होती, आणि असा धर्मगुरू पकडून देणाऱ्याला १०० पौंडांचं बक्षीस होतं. कॅथलिकाला जमीन विकत घेता येत नसे. वारशाची तरतूद तर फारच वाईट होती. अठरा वर्षांच्या कॅथलिक वारसाने ठरलेली शपथ घेतली नाही, तर तो हयात असेपर्यंत इस्टेटीचा उपभोग त्याच्या जवळच्या प्रोटेस्टंट नातेवाइकाला मिळे. म्हणजे भाऊबंदकीच्या हाती सरकारनेच हत्यार दिलं होतं.

हा कायदा नुसता पुस्तकात पडून नव्हता. १७६७ मध्ये जॉन बॅप्टिस्ट मलोनी या धर्मगुरूला त्याखाली जन्मठेप झाली. लंडनमध्ये बक्षिसासाठी धर्मगुरूंच्या मागावर राहणारे लोक होते. मुख्य न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी अशा खटल्यांत पुराव्याची अट कडक केली: समोरचा माणूस खरोखर दीक्षा घेतलेला धर्मगुरू आहे हे सिद्ध करा. त्यामुळे खटले जवळपास थांबले, आणि मॅन्सफील्ड ‘पोपचे हस्तक’ ठरले. हे नाव लक्षात ठेवायला हवं.

सर जॉर्ज सॅव्हिल यांनी १७७८ मध्ये मांडलेल्या विधेयकाने बक्षीस, जन्मठेप आणि जमिनीवरची बंदी काढली. बदल्यात कॅथलिकाने राजाशी निष्ठेची शपथ घ्यायची, हद्दपार झालेल्या दुसऱ्या जेम्सच्या घराण्याचा गादीवरचा हक्क नाकारायचा आणि इंग्लंडमध्ये पोपला कुठलाही राजकीय अधिकार नाही हे मान्य करायचं. मतदानाचा हक्क मिळाला नाही. पार्लमेंटची दारं, सरकारी पदं, लष्करातली अधिकारपदं बंदच राहिली. उघड उपासनाही कायदेशीर झाली नाही, ती व्हायला १७९१ उजाडलं. घर रिकामं करण्याची नोटीस मागे घेतली म्हणून घर भाडेकरूच्या नावावर होत नाही, तितकाच हा बदल होता. पार्लमेंटमध्ये मतविभागणीही झाली नाही.

सरकारने हे नुसत्या दयेपोटी केलं नव्हतं. अमेरिकेतल्या वसाहती लढत होत्या, १७७८ मध्ये फ्रान्स त्यांच्या बाजूने उतरला. सैनिक कमी पडत होते, आणि आयर्लंड व स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात भरती करण्याजोगे कॅथलिक तरुण होते. (आपल्या बाजूने त्या काळाचा अंदाज हवा असेल तर जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांनी कंपनीच्या फौजेला शरण आणलं, ते हेच दिवस.)

## मग एवढा भडका का उडाला?

कायदा झाला तेव्हा लंडनमध्ये कुणी रस्त्यावर आलं नाही. ठिणगी स्कॉटलंडमधून आली. तिथे तसाच कायदा करायचं घाटत असताना १७७९ च्या सुरुवातीला एडिंबरा आणि ग्लासगोमध्ये दंगली झाल्या, कॅथलिकांची घरं जळाली, आणि सरकारने बेत सोडून दिला. दंगल केली की कायदा मागे जातो, हा धडा त्यातून सगळ्या देशाला मिळाला.

त्याच वर्षी लंडनमध्ये ‘प्रोटेस्टंट असोसिएशन’ निघाली. नोव्हेंबरमध्ये लॉर्ड जॉर्ज गॉर्डन तिचा अध्यक्ष झाला. वय २७, स्कॉटिश ड्यूकचा धाकटा मुलगा, नौदलातून बाहेर पडलेला, पार्लमेंटचा सदस्य. त्या उन्हाळ्यात फ्रान्स आणि स्पेन या दोन कॅथलिक देशांचं संयुक्त आरमार इंग्लिश खाडीत शिरलं होतं. आक्रमणाची भीती खरीच होती. त्या भीतीवर अफवा सहज रुजल्या. टेम्सखालच्या भुयारांत हजारो जेझुइट (एका कॅथलिक संघाचे) धर्मगुरू लपलेत, रोमहून हुकूम आला की नदीचा तळ उडवून शहर बुडवणार, असंही बोललं जाई.

कायद्यात काय आहे हे वाचलेले किती असतील? मूळ कलमांपेक्षा त्यांची तोंडी आवृत्ती नेहमीच वेगाने पसरते. ‘जन्मठेप रद्द’ याचं ‘पोपला मोकळं रान’ झालं. सह्या घेणाऱ्यांनी ४० हजारांहून जास्त नावं जमवली.

## २ जून: अर्जाची मिरवणूक

शुक्रवार, २ जून. कडक ऊन. टेम्सच्या दक्षिणेला सेंट जॉर्जेस फील्ड्स या मोकळ्या मैदानात चाळीस ते साठ हजार लोक जमले. टोपीवर निळ्या फितीचं फूल, ओठांवर स्तोत्रं, झेंड्यांवर ‘नो पोपरी’, म्हणजे पोपशाही नको. सह्यांच्या चामडी कागदांची गुंडाळी एवढी मोठी की एका माणसाने ती डोक्यावर वाहिली.

इथे एक तपशील महत्त्वाचा आहे. १६६१ च्या कायद्याप्रमाणे पार्लमेंटला अर्ज द्यायला दहापेक्षा जास्त माणसांनी जायचं नव्हतं. गॉर्डनने मात्र आधीच जाहीर केलं होतं की सोबत वीस हजार माणसं नसतील तर मी अर्ज देणारच नाही. म्हणजे अर्जातल्या म्हणण्यापेक्षा बाहेर उभ्या असलेल्या गर्दीच्या वजनावर त्याची भिस्त होती.

वेस्टमिन्स्टरला पोहोचेपर्यंत मिरवणुकीत बरेच नवे लोक मिसळले होते. उमरावांच्या बग्ग्या अडवल्या गेल्या. मॅन्सफील्ड यांच्या बग्गीच्या काचा फुटल्या, लिंकनच्या बिशपांच्या बग्गीची चाकं काढली गेली. गॉर्डन सभागृहातून पुन्हा पुन्हा बाहेर येऊन आत कोण काय बोलतंय ते जमावाला सांगत होता, विरोध करणाऱ्यांची नावंसुद्धा. जमाव आत घुसला तर पहिली तलवार तुझ्या पोटात, असं त्याच्याच नात्यातल्या एका लष्करी अधिकाऱ्याने त्याला सुनावलं. सदस्य बधले नाहीत. अर्जावर तातडीने विचार करायच्या विरोधात १९२ मतं पडली, बाजूने बोटांवर मोजण्याइतकी.

असोसिएशनचे बहुतेक सभासद, दुकानदार आणि कारागीर मंडळी, संध्याकाळी घरी गेले. रात्री दुसरा जमाव निघाला आणि त्याने सार्डिनिया आणि बव्हेरिया या देशांच्या वकिलातींची चॅपेल फोडली. वकिलातीच का? कारण इंग्रज कॅथलिकांना मिस्सेला बंदी असली तरी परदेशी राजदूताला स्वतःच्या जागेत चॅपेल ठेवायचा हक्क होता, आणि लंडनचे कॅथलिक मिस्सेला तिथेच जात. शहरात कॅथलिक कुठे दिसतात, तर तिथे.

## घर ‘पाडायची’ रीत

पुढच्या दिवसांत मूरफील्ड्समधल्या आयरिश वस्तीतलं चॅपेल आणि आसपासची घरं गेली, मग सॅव्हिल यांचं घर, मग पकडलेल्या दंगलखोरांविरुद्ध साक्ष देणाऱ्यांची, मग दंडाधिकाऱ्यांची. या हल्ल्यांना एक ठरावीक पद्धत होती. आधी खिडक्या-दारं उखडायची. मग फर्निचर, कपडे, पुस्तकं, जिन्याचे कठडे, जमिनीच्या फळ्यासुद्धा रस्त्यावर आणून तिथे होळी करायची. घर आतून पोखरून रिकामं करायचं, पण बऱ्याचदा घराला आग लावायची नाही, कारण शेजारचं घर प्रोटेस्टंटाचं. एकाला एक लागून असलेल्या घरांच्या गल्लीत आग भिंत ओळखत नाही, हे जमावालाही कळत होतं. पहारी, कुदळी, हातोडे हीच हत्यारं.

घरं वाचवायला लोकांनी दारांवर खडूने ‘नो पोपरी’ लिहिलं, खिडक्यांत निळं कापड टांगलं. यहुदी वस्तीतसुद्धा दारांवर ‘इथे खरे प्रोटेस्टंट राहतात’ असं लिहिल्याचं सांगतात.

मंगळवारी, ६ जूनला, जमाव न्यूगेट तुरुंगावर गेला. चॅपेलवरच्या हल्ल्यात पकडलेले साथीदार आत होते. तुरुंग नुकताच जाड दगडी भिंतींचा बांधलेला, तो जळेल कसा? कच्चा दुवा होता तुरुंगाधिकारी रिचर्ड एकरमन यांचं घर. ते तुरुंगाच्या दर्शनी बाजूलाच जोडलेलं होतं. त्यांनी कैदी सोडायला नकार दिला. जमावाने त्यांचं सामान मुख्य दाराशी रचून पेटवलं, घरातून आत वाट केली, काही जण शिड्यांवरून छतावर चढले. शंभराहून अधिक कैदी बाहेर आले. त्यातले काही त्याच आठवड्यात फाशी जाणार होते, काही निव्वळ चोर होते. त्याच रात्री बो स्ट्रीटवरचं दंडाधिकाऱ्यांचं कार्यालय आणि ब्लूम्सबरी चौकातलं मॅन्सफील्ड यांचं घर गेलं. त्यांचा आयुष्यभराचा ग्रंथसंग्रह आणि टिपणांच्या वह्या होळीत पडल्या.

## सैन्य होतं, तर थांबवलं का नाही?

हा या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे.

लंडनची लोकवस्ती तेव्हा साडेसात लाखांच्या आसपास होती आणि शहराला पोलीसदल नव्हतं. प्रत्येक पॅरिशचे, म्हणजे चर्चच्या हद्दीवरून ठरलेल्या वॉर्डाचे, काही शिपाई आणि रात्रीचे म्हातारे पहारेकरी, एवढंच. शिवाय ‘लंडन’ ही एक हद्द नव्हती. जुनं शहर लॉर्ड मेयरचं, वेस्टमिन्स्टर वेगळं, नदीपलीकडचं साउथवर्क वेगळं, बाकी मिडलसेक्स परगण्याच्या दंडाधिकाऱ्यांकडे. ‘ही हद्द आमची नाही’ हे वाक्य आपल्याला नवं नाही.

राहिलं सैन्य, आणि तिथे रायट अ‍ॅक्ट येतो. कायदा असा: बारा किंवा जास्त माणसं दंगलीच्या हेतूने जमली, तर दंडाधिकारी, शेरीफ किंवा मेयर यांनी तिथे जाऊन राजाच्या नावाने घोषणा वाचायची. जमलेल्या सर्वांनी ताबडतोब पांगावं, शांतपणे आपापल्या घरी किंवा कामाला जावं, नाहीतर कायद्यातली शिक्षा होईल, अशा आशयाची काही वाक्यं, आणि शेवटी ‘ईश्वर राजाचं रक्षण करो’. शब्द ठरलेले. ते शेवटचे शब्द गाळले म्हणून पुढे १८३० मध्ये एका खटल्यात शिक्षा टिकल्या नाहीत. वाचून झाल्यावर एक तास. तासानंतरही बारा जण तिथेच राहिले तर तेवढ्यावरून फाशीची शिक्षा, आणि त्यांना पांगवताना कुणी मेलं तर पांगवणाऱ्यावर ठपका नाही.

यातून सैनिक, अधिकारी आणि बहुतेक दंडाधिकारी यांनी असा अर्थ घेतला की घोषणा वाचून तास उलटल्याशिवाय गोळी झाडली तर तो खून. कायदा असं म्हणतच नव्हता. त्याने फक्त एक नवा गुन्हा निर्माण केला होता: सांगूनही न पांगणं. डोळ्यांदेखत घर जाळलं जात असेल, माणूस मारला जात असेल, तर ते थांबवायचा जुना अधिकार, किंबहुना कर्तव्य, प्रत्येक नागरिकाचं होतंच. सैनिकही नागरिकच. आपल्याकडे रस्त्यावर जखमी पडला असताना ‘पोलीस केस आहे, हात लावू नका’ म्हणणारे भेटतात. तसा कायदा नाही, तरी भीतीने माणसं उभी राहतात आणि रक्त वाहत राहतं. १७८० च्या लंडनमध्ये नेमकं हेच झालं.

या भीतीला कारण होतं. १० मे १७६८ रोजी याच सेंट जॉर्जेस फील्ड्सवर तुरुंगात असलेल्या जॉन विल्क्स या लोकप्रिय नेत्याच्या समर्थकांवर सैनिकांनी गोळीबार केला, काही माणसं मेली. आदेश देणारे दंडाधिकारी सॅम्युअल गिलम यांच्यावर खुनाचा खटला चालला. ते सुटले, पण फाशीच्या दारापर्यंत जाऊन आले. कायद्याप्रमाणे वागणाऱ्याचीही ही गत, हे बारा वर्षांनंतर कुणी विसरलं नव्हतं.

दुसरी भीती आणखी जवळची होती. ६ जूनला हाइड नावाच्या दंडाधिकाऱ्यांनी वेस्टमिन्स्टरमध्ये घोषणा वाचली आणि घोडदळाकडून रस्ता मोकळा करवला. त्याच संध्याकाळी जमावाने त्यांचं घर उद्ध्वस्त केलं. लॉर्ड मेयर ब्रॅकली केनेट यांना कारवाई करा म्हटल्यावर, जपून वागलं पाहिजे, नाहीतर जमाव माझ्याच घरावर येईल, असं ते म्हणाल्याची नोंद आहे. सैनिक दंडाधिकाऱ्यांची वाट पाहत, दंडाधिकारी एकमेकांची. काही ठिकाणी सैनिक येऊन होळीभोवती उभे राहिले आणि परत गेले. हे पाहणाऱ्या जमावाने काय समजावं? की सरकारची याला हरकत नाही. माझ्या मते दंगलीला खरं बळ इथून मिळालं.

## बुधवार, ७ जून

या दिवशी फ्लीट आणि किंग्ज बेंच हे तुरुंग जळाले, ब्लॅकफ्रायर्स पुलावरची टोल वसूल करणारी घरं जळाली, आणि होबर्नमधली थॉमस लँगडेल या कॅथलिक व्यापाऱ्याची दारूची भट्टी पेटली. तिथे काय झालं ते नीट समजून घ्यायला हवं. भट्टीत पिण्याजोगी तयार जिन थोडी आणि पहिल्या धारेची, अजून शुद्ध न केलेली कच्ची दारू प्रचंड होती. पिंपं फुटली आणि ती गटारांतून वाहू लागली. लोकांनी टोप्यांत, बादल्यांत भरून, ओणवं होऊन ती प्यायली. या दारूत अल्कोहोलचं प्रमाण इतकं जास्त की घोटाघोटाने माणूस बेशुद्ध पडतो. तिची वाफ ज्योतीपासून लांबवरही पेट घेते. अनेक जण तळघरात किंवा रस्त्यावर पडल्या जागी जळाले. आग शेजारच्या घरांवर गेली. इथे होळी रस्त्यात करायची रीत कामाला आली नाही.

त्याच दिवशी राजा तिसरा जॉर्ज याने मंत्र्यांची आणि सल्लागारांची बैठक घेतली. घोषणा न वाचता सैन्य गोळी चालवू शकतं का, हा प्रश्न थेट विचारला गेला. अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य कायदा सल्लागार, अलेक्झांडर वेडरबर्न यांनी उत्तर दिलं: जाळपोळीसारखा गुन्हा चालू असेल आणि दुसऱ्या उपायाने थांबत नसेल, तर होय. सेनापती अ‍ॅमहर्स्ट यांच्याकडून तसा हुकूम सुटला. कायद्यात एक अक्षरही बदललं नव्हतं. नीट वाचला गेला, इतकंच.

रात्री जमाव बँक ऑफ इंग्लंडवर गेला तेव्हा तिथे सैनिक आणि स्वयंसेवक तयार होते. बँकेच्या बचावात बंदूक घेऊन उभा होता जॉन विल्क्स, १७६८ च्या जमावाचा तोच लाडका नेता, आता शहराचा अधिकारी. दोन हल्ले परतवले गेले. गुरुवारी रस्ते शांत होते. शुक्रवारी गॉर्डनला टॉवर ऑफ लंडनमध्ये नेलं.

## ‘हे धर्माचं नव्हतंच, पोटाचं होतं’ असं म्हणतात ते खरं का?

हा आक्षेप वजनदार आहे. खटला चाललेल्यांची यादी पाहिली तर त्यात रोजंदारीवरचे कारागीर, काम शिकणारे उमेदवार, नोकर, मजूर, खलाशी आहेत, सराईत गुन्हेगार कमी. ज्यांची मालमत्ता गेली ते बहुतेक सुखवस्तू: व्यापारी, दारूचे गुत्तेवाले, न्यायाधीश. गरीब आयरिश कॅथलिकांच्या सगळ्या वस्त्यांवर हल्ले झाले नाहीत. आणि तुरुंग, टोलनाकी, बँक यांचा पोपशी काय संबंध? फ्लीट आणि किंग्ज बेंचमध्ये मुख्यतः कर्ज न फेडलेली माणसं असत. तो राग जुना होता.

तरीही धर्म हा निव्वळ मुखवटा होता असं मला वाटत नाही. कुणाचं घर पाडायचं आणि कुणाचं सोडायचं याची निवड धर्म विचारून होत होती. मूरफील्ड्सचे कॅथलिक श्रीमंत नव्हते. श्रीमंतांत कॅथलिक आणि कॅथलिकांचे कैवारी आधी निवडले गेले. पोपविरोधी घोषणेने गरिबाच्या रागाला परवाना दिला: तू चोर नाहीस, देशभक्त आहेस. असा परवाना हाती असला की माणूस जे एरवी करायला धजला नसता ते करतो. फ्रेंच किंवा अमेरिकन हेरांनी हे घडवलं, असा संशय तेव्हा बोलून दाखवला गेला. त्याला पुरावा मिळाला नाही.

## शिक्षा कुणाला, भरपाई कुणाकडून?

सरकारी आकड्याप्रमाणे सैनिकांच्या गोळ्यांनी २८५ माणसं मेली: २१० जागीच, ७५ इस्पितळात. १७३ जखमींची नोंद झाली. आगीत आणि दारूत मेलेले यात धरलेले नाहीत. सुमारे ४५० जणांना अटक झाली, ६२ जणांना फाशी सुनावली गेली आणि पंचवीसेक प्रत्यक्ष फासावर गेले. त्यांना शहरात ठिकठिकाणी, जिथे गुन्हा घडला त्याच्या जवळ, लटकवलं. यात अगदी पोरवयाची मुलंही होती. शहराचा अधिकृत फाशी देणारा एडवर्ड डेनिस हासुद्धा एक घर पाडताना पकडला जाऊन दोषी ठरला होता. त्याला माफी मिळाली.

गॉर्डनवर फेब्रुवारी १७८१ मध्ये राजद्रोहाचा खटला चालला, आणि न्यायासनावर मॅन्सफील्ड होते. त्याचे वकील थॉमस अर्स्किन यांनी बचावात सांगितलं की राजद्रोहाला राजाविरुद्ध युद्धाचा हेतू लागतो. गर्दी जमवणं हा मूर्खपणा असेल, युद्ध नव्हे. ज्यूरीने त्याला सोडलं. अर्ज घेऊन निघालेला नेता सुटला आणि पेटत्या लाकडाला हात लावलेले पोरगे लटकले, हे वाचताना आजही सल राहतो. केनेट यांच्यावर मात्र कर्तव्यात कसूर केल्याचा खटला होऊन ते दोषी ठरले.

भरपाईची तरतूद रायट अ‍ॅक्टमध्येच होती. जमावाने घर पाडलं तर मालकाने त्या भागातल्या रहिवाशांकडून नुकसान वसूल करायचं. म्हणजे स्थानिक करात भर. विचार असा की शेजाऱ्यांच्या खिशाला झळ बसली तर ते दंगल थांबवायला पुढे येतील. अनेकांनी दावे लावून पैसे मिळवले. मॅन्सफील्ड यांनी दावा केला नाही. दंगलीनंतर काही दिवसांतच हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये सैनिकांच्या कारवाईवर चर्चा झाली, तेव्हा त्यांनी सैनिकांनी नागरिक म्हणूनच कर्तव्य केलं असं मत दिलं. यासाठी मी ग्रंथ पाहिलेले नाहीत, पाहायला माझ्याकडे ग्रंथच उरले नाहीत, असंही ते म्हणाले.

## पुढे काय बदललं?

पोलीसदल हवं अशी चर्चा सुरू झाली, पण १७८५ चं विधेयक बारगळलं. जुन्या शहराला आपले अधिकार सोडायचे नव्हते, आणि पगारी पोलीस म्हणजे फ्रान्ससारखी हेरगिरी असं इंग्रजांना वाटे. लंडनला पोलीसदल मिळालं १८२९ मध्ये. बँक ऑफ इंग्लंडवर मात्र १७८० पासून रोज रात्री सैनिकांचा पहारा बसू लागला, तो १९७३ पर्यंत चालला. सह्यांचे अर्ज घेऊन पार्लमेंटवर दबाव आणणाऱ्या राजकीय सुधारणावाद्यांचं यात नुकसान झालं. २ जूनलाच ड्यूक ऑफ रिचमंड सर्व पुरुषांना मताधिकार द्यावा असा प्रस्ताव मांडत होते. बाहेरचा गोंधळ पाहिलेल्या जमीनदारांना त्यानंतर असल्या कल्पनांची धास्ती बसली.

आपल्या कायद्यातही याच परंपरेचा धागा आहे. भारतीय दंड संहितेत आणि आता न्याय संहितेत बेकायदा जमावासाठी किमान संख्या पाच आहे, बारा नव्हे. जमावाला पांगायचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी किंवा ठाण्याचा प्रभारी पोलीस अधिकारी देऊ शकतो, तासाभराची अट नाही. आणि सद्भावनेने कारवाई करणाऱ्या अधिकाऱ्यावर सरकारच्या मंजुरीशिवाय खटला भरता येत नाही. हे संरक्षण जास्त झालं का, यावर आपल्याकडे वाद होतो आणि तो व्हायलाच हवा. पण असं संरक्षण नसल्याने काय होतं, याचं एक टोक लंडनने पाहिलं.

कॅथलिकांसाठीचा १७७८ चा कायदा रद्द झाला नाही. २० जून १७८० रोजी कॉमन्सने, म्हणजे पार्लमेंटच्या खालच्या सभागृहाने, असोसिएशनची मागणी फेटाळली. गॉर्डनने पुढे यहुदी धर्म स्वीकारला, फ्रान्सच्या राणीची बदनामी केल्याबद्दल त्याला शिक्षा झाली, आणि पुन्हा बांधलेल्या त्याच न्यूगेटमध्ये १ नोव्हेंबर १७९३ रोजी तो तुरुंगातल्या तापाने वारला. बव्हेरियन चॅपेल जिथे फोडलं होतं त्या वॉरिक स्ट्रीटवर १७९० मध्ये नवं चर्च उघडलं. ते आजही आहे. दर्शनी बाजू साध्या विटांची, जाणाऱ्या-येणाऱ्याला चर्च आहे हे चटकन कळू नये अशी बांधलेली.